उरलेलं कापड, उरलेला वेळ

या व्याख्यानमालेत आपण आजवर न्याय, स्वातंत्र्य, समता अशा भारदस्त शब्दांवर बोललो. आज आम्ही एक टोपली घेऊन आलो आहोत. ही बघा. मागे बसलेल्यांना नीट दिसत नसेल, तर व्याख्यान संपल्यावर हातात घेऊन पाहा. आणि जे घरी बसून ऐकताहेत त्यांच्यासाठी थोडं वर्णन करतो. वीतभर उंचीची, गोल तळाची, करड्या आणि मोरपंखी रंगाची ही टोपली आहे. धरायला दोन बाजूंना कान आहेत. आत कांदे-बटाटे ठेवा, वर्तमानपत्रं ठेवा, नातवंडांची खेळणी ठेवा. दाबली तर दबते आणि सोडली की पुन्हा उभी राहते. ही टी-शर्टच्या कात्रणांची आहे. होजिअरीच्या कापडाच्या पट्ट्या काढायच्या, त्यांची जाड दोरी करायची आणि ती दोरी क्रोशाच्या सुईने विणायची, असं हे काम. याच पद्धतीने पायपुसणी होतात, आसनं होतात, गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या होतात, कुंड्यांचे झोपाळे होतात.

ही टोपली आम्ही पुण्यात बचत गटांच्या एका प्रदर्शनात घेतली. घेताना जे झालं त्यातूनच आजचा विषय निघाला. किंमत विचारली. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, 450. आमच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अहो ताई, चिंध्यांचीच तर आहे! 300ला द्या की." बाई रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलाखालून कात्रणांची एक पिशवी काढली, आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "काका, ही चिंधी न्या. हिचे पैसे नकोत. टोपलीचे मात्र 450."

आम्हाला उत्तर सुचलं नाही. मुकाट्याने 450 दिले. चिंधी वेगळी आणि टोपली वेगळी, हा भेद त्या बाईंनी एका वाक्यात केला होता. आम्ही वर्गात तोच भेद समजावून द्यायला दोन-दोन तास घेत असू, आणि तरी मुलं खिडकीबाहेर बघत असत.

तर आजचा प्रश्न असा. कापडाचा एक तुकडा कचरा होता, त्याची वस्तू झाली. मधे नेमकं काय घडलं? आणि जे घडलं, त्याचा हिशेब आपण का ठेवत नाही?

चिंधीची दोरी, दोरीची टोपली

आधी काम समजून घेऊ. काम समजल्याशिवाय त्यावर तत्त्वज्ञान सांगू नये, हा नियम आम्ही फार उशिरा शिकलो.

तमिळनाडूत तिरुप्पूर हे होजिअरीचं मोठं केंद्र आहे. तिथल्या कारखान्यात कापडाचे थरावर थर पसरतात आणि एकदम कापतात. बाही, गळा, खांदा, सगळेच आकार वाकडे. मग त्यांच्या मधलं कापड उरतं. कापडाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भाग असा कापणीतच जातो. करंज्या कातताना कड उरते, ती आपण पुन्हा मळून लाटतो. कापडाचं तसं करता येत नाही. ते पिंजून पुन्हा सूत काढायचं तर धागे तुटून आखूड होतात, आणि त्यात लायक्रासारखा ताणला जाणारा धागा मिसळलेला असला तर काम आणखी अवघड. क्रोशाच्या सुईला मात्र लायक्रा चालतो, पॉलिस्टर चालतं, डागही चालतो.

होजिअरीचं साधं कापड विणलेलं असतं, म्हणजे त्यात धाग्यांचे फासे असतात. त्याची इंचभर रुंदीची पट्टी कापून दोन्ही हातांनी ताणली की कडा आपोआप आत वळतात आणि पट्टीची गोल दोरी होते. शर्टाच्या कापडाचं असं होत नाही, त्याच्या दशा सुटत राहतात. जुना टी-शर्ट असेल तर काखेच्या खालचा भाग घ्यायचा आणि गोल गोल कापत जायचं, बटाट्याची साल न तुटता काढतात तसं. अख्ख्या शर्टाची एकच लांब पट्टी निघते. कारखान्याची कात्रणं तुकड्यातुकड्यांची असतात, ती जोडावी लागतात. गाठ मारली तर पायपुसण्यावर पायाला टोचते. म्हणून दोन्ही टोकांना चीर देऊन एकातून दुसरं ओवतात. त्याआधी कात्रणं निवडायची. रंग वेगळे, जाडी वेगळी, ताण वेगळा. जास्त ताणाची आणि कमी ताणाची पट्टी एका ओळीत आली तर टोपली एका अंगाला कलते. त्या बाईंनी आम्हाला सांगितलं, "निवडण्यातच निम्मा जीव जातो."

मग विणकाम. माग असेल तर त्याला जागा लागते. स्वेटर विणायला दोन सुया लागतात आणि त्यांवर एका वेळी पाऊणशे-शंभर टाके उघडे असतात, एक निसटला की शिडी खाली धावते. क्रोशात एकच सुई, तिच्या टोकाला आकडा, आणि बहुतेक वेळ एकच फास उघडा. साखळी घालायची, तिच्यातून दोरी ओढून खांब घालायचा, पुढे जायचं. दूध उतू जायला लागलं, सुई ठेवली. मूल रडलं, ठेवली. दारात कोणी आलं, ठेवली. परत आल्यावर जिथे सोडलं तिथून सुरू. तुटक वेळेत करता येतं असं हे काम आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. विणकामाची आणि शिवणकामाची यंत्रं आली, क्रोशा मात्र कारखान्याच्या यंत्राला अजून जमलेला नाही. क्रोशाच्या नावाने विकली जाणारी यंत्रं आहेत, पण ती वेगळ्या जातीचं विणकाम करतात, दिसायला थोडं तसं दिसतं एवढंच. म्हणजे जगात कुठल्याही दुकानात, कितीही स्वस्त, खऱ्या क्रोशाची वस्तू तुम्ही पाहिलीत, तर ती कोणाच्या तरी हातातून गेलेली आहे. प्रत्येक टाका. आणि ते हात बहुतेक वेळा बाईचे असतात.

हे नुसते हात आहेत, डोकं नाही, असं कोणाला वाटत असेल तर या टोपलीचा तळ पाहा. मधोमध 6 टाके. दुसऱ्या फेरीत 12, मग 18, मग 24. प्रत्येक फेरीला 6 वाढवले की तळ सपाट राहतो. वाढवणं थांबवलं की भिंत उभी राहायला लागते. आणि 6च्या ऐवजी भराभर जास्त वाढवले तर कडेला चुण्या पडतात, कोबीच्या पानासारख्या. डायना ताइमिन्या या लाटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनी 1997 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असेच टाके वाढवत नेऊन युक्लिडबाह्य भूमितीतलं एक प्रतल क्रोशाने विणून दाखवलं. तोवर ते पृष्ठ विद्यार्थ्यांच्या हातात देणं फार अवघड होतं, कागदाच्या प्रतिकृती फाटून जात. आपल्याकडच्या बायका "चुण्या पडल्या, एक फेरी उसवा" म्हणतात तेव्हा त्या त्याच भूमितीला हात लावून परत येत असतात.

वस्त्राची उतरंड

आता कोणी म्हणेल, यात नवं काय? आमच्या आज्या हेच करत होत्या. बरोबर आहे. आमच्या घरात साडीचा जन्म आणि मरण आम्ही अनेकदा पाहिलं. नवी असताना लग्नाकार्याला. विटली की घरात नेसायला. विरली की तिचं तान्ह्या बाळासाठी दुपटं, कारण जुन्या लुगड्याइतकं मऊ काही नसतं. मोठी ठिगळं गोधडीत, काही भागांत तिला वाकळ म्हणतात. लहान तुकड्याची डोक्यावर हंडा ठेवायला चुंबळ. मग फडकं. मग जमीन सारवायचं पोतेरं. आणि शेवटी चुलीत. 'अपसायकलिंग' हा शब्द तेव्हा कोणाला माहीत नव्हता. उरलेसुरले बरे कपडे बोहारणीकडे जात आणि स्टीलचं पातेलं घरात येई. त्यासाठी आई आणि बोहारीण यांच्यात तासभर जी चर्चा चाले, तशी चर्चा आम्ही पुढे विद्यापीठाच्या सभांमध्येसुद्धा ऐकली नाही.

ही उतरंड फार जुनी आहे. बौद्धांच्या विनयपिटकात एक प्रसंग येतो. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली, हा श्रमण एवढ्या वस्त्रांचं करणार काय? दुकान काढणार की काय? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्या भिक्षूंची चीवरं जीर्ण झाली आहेत त्यांना देऊ. आणि जुन्या चीवरांचं काय कराल? त्यांची अंथरुणावर घालायची वस्त्रं करू. जुन्या वस्त्रांचं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरची बैठक. तिचं? पायपुसणी. त्यांचं? धूळ झटकायची फडकी. आणि जुन्या फडक्यांचं? ती कुटून चिखलात मळू आणि त्याने जमीन लिंपू. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

या कथेत आणि आमच्या आईच्या घरात एक साम्य आहे, की काहीच फुकट जात नाही. पण हा क्रम खाली जाणारा आहे. अंगावरून पायाखाली, पायाखालून चिखलात. आणि आपल्या घरांतली ती काटकसर काही फार मोठ्या तत्त्वातून आलेली नव्हती. कापड महाग होतं, माणसं जास्त होती, म्हणून. तिचं गौरवगान करताना हे विसरू नये. ही टोपली मात्र उलटी चालली आहे. पायाखालून वर, टेबलावर. कारखान्याच्या जमिनीवर पडलेलं कात्रण बैठकीच्या खोलीत येऊन बसतं. ते स्वतःहून चढत नाही, कोणीतरी चढवावं लागतं.

तंतू, पट आणि कर्ता

इथे आमच्या जुन्या मित्रांना, म्हणजे नैयायिकांना बोलावू. कारण आणि कार्य यांची चर्चा करताना आपल्या दर्शनांनी दोनच उदाहरणं पिढ्यान्‌पिढ्या वापरली, मडकं आणि वस्त्र. वस्त्राचं उदाहरण घ्या. न्याय-वैशेषिक म्हणतात, वस्त्राला तीन प्रकारची कारणं लागतात. धागे हे समवायी कारण, त्यांत वस्त्र राहतं. धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. आणि धोटा, माग, विणकर ही निमित्तकारणं.

सांख्यांचं म्हणणं वेगळं. कार्य कारणात आधीपासूनच असतं, ते फक्त प्रकट होतं. तिळात तेल असतं, वाळूत नसतं. त्यावर नैयायिक विचारतो, वस्त्र जर धाग्यात आधीच आहे, तर विणकर एवढी खटपट का करतो? आणि नुसत्या धाग्यांनी अंग का झाकलं जात नाही? म्हणून त्याचा निष्कर्ष असा की वस्त्र ही नवी वस्तू आहे. ती आधी नव्हती, आता आहे.

प्रदर्शनात आम्ही "चिंध्यांचीच तर आहे" म्हणालो, तेव्हा आम्ही फक्त समवायी कारणाचा भाव केला होता. एका परीने आम्ही सांख्य झालो होतो, तेही वाईट सांख्य. कारण सांख्यांनाही प्रकट करणारा व्यापार लागतोच, तिळातलं तेल घाणा फिरवल्याशिवाय वाटीत येत नाही. त्या बाई पक्क्या नैयायिक होत्या. समवायी कारण त्यांनी पिशवीसकट पुढे केलं आणि म्हणाल्या, न्या.

नैयायिकांनी कर्त्याची व्याख्याही करून ठेवली आहे. ज्याला साहित्याचं प्रत्यक्ष ज्ञान आहे, ते घडवण्याची इच्छा आहे आणि ज्याच्या ठिकाणी प्रयत्न आहे, तो कर्ता. कोणती पट्टी किती ताणते हे हाताने जाणणारी, टोपली मनात धरलेली आणि नऊ तास सुई चालवणारी बाई या व्याख्येत पूर्ण बसते. गंमत बघा. मडकं आणि वस्त्र यांना कर्ता असतो, या आधारावर नैयायिकांनी जगालाही कर्ता असला पाहिजे असं अनुमान केलं, थेट ईश्वरापर्यंत पोचले. आणि आपल्याला टोपली समोर असून टोपली करणारीपर्यंत पोचता येत नाही.

एका टोपलीचा हिशेब

नऊ तास हा आकडा आम्ही बाईंना विचारून घेतला. "दोन दिवस, घरचं आटपून" असं त्या आधी म्हणाल्या. "पण बसलात किती?" असं विचारल्यावर बोटं मोजत म्हणाल्या, निवडण्यापासून धरले तर नऊ तास झाले असतील. घरी आल्यावर आम्ही कागद घेतला. कात्रणं किलोवर विकत घ्यावी लागतात. एका टोपलीला साधारण 60 रुपयांची. टेबलाचं भाडं आणि येण्याजाण्याचा खर्च वाटून आणखी 60. राहिले 330. नऊ तासांनी भागले तर तासाला 36-37 रुपये.

आता आमची घासाघीस यशस्वी झाली असती तर? 300मधून 120 गेले, राहिले 180. तासाला 20 रुपये. नीट बघा. कात्रणवाल्याने आपला भाव कमी केला नसता. बसच्या कंडक्टरने केला नसता. टेबलाचं भाडंही तेवढंच राहिलं असतं. आमचे 150 रुपये पूर्णच्या पूर्ण बाईंच्या वेळातून गेले असते. वस्तू लहान असो की मोठी, हाताच्या कामात घासाघीस नेहमी एकाच गोष्टीवर पडते, कारण बाकी कोणी ती ऐकून घेत नाही.

हा एका टोपलीचा हिशेब आहे, सगळ्यांना तो लागू होईल असं नाही. पण हिशेब करायला पाच मिनिटं लागली. मग तो सहसा होत का नाही? याचं उत्तर आपल्या भाषेतल्या एका शब्दात आहे. 'फावला वेळ'.

फावला वेळ कोणाचा?

आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचं गाव आहे. तीच गोदावरी जी आपल्या त्र्यंबकेश्वराला उगम पावते. त्या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली. घरोघर बायका ती विणू लागल्या आणि लेस परदेशी जाऊ लागली. 1970च्या दशकाच्या अखेरीस मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ तिथे राहून अभ्यास करत होत्या. त्यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक 1982 साली आलं. त्यांना काय दिसलं? लाखभर बायका लेस विणत असाव्यात असा अंदाज होता. घरकाम सांभाळून रोज 6 ते 8 तास त्या लेसवर बसत. कोणी फक्त फुलं विणे, कोणी ती जोडे, दलाल माल गोळा करून व्यापाऱ्याला देत आणि व्यापारी निर्यात करत. म्हणजे घराघरांत पसरलेला एक कारखानाच. पण सरकारी नोंदीत या बायका कामगार म्हणून जवळजवळ नव्हत्याच. व्यापारी म्हणत, या गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात. घरचे पुरुषही तेच म्हणत. आणि पुष्कळ बायकाही स्वतःबद्दल तेच सांगत, कारण बाहेर मजुरीला जाणं कमीपणाचं होतं आणि घरात बसून लेस विणणं प्रतिष्ठेचं.

आता ते मघाचं वाक्य आठवा. क्रोशा तुटक वेळेत करता येतो. हा त्याचा गुण आहे, आणि याच गुणामुळे त्याचा वेळ दिसत नाही. आठ तास सलग कारखान्यात बसलं की त्याला पाळी म्हणतात, भोंगा होतो, हजेरी लागते. तेच आठ तास वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून दिवसभरात विखुरले की त्याला फावला वेळ म्हणतात. कापडाचं कात्रण आणि वेळेचं कात्रण. पहिलं निवडून, जोडून, त्याची दोरी करायला ती बाई शिकली. दुसऱ्याची बेरीज कोणी करत नाही.

आपल्याकडे रुखवतात क्रोशाचे रुमाल आणि तोरणं मांडायची पद्धत होती. बघणाऱ्या बायका कौतुक करत, "मुलीने हाताने केलंय हो!" त्या कौतुकात मुलगी गुणी आहे, शांत आहे, एका जागी बसते, हे सगळं होतं. तिच्या कामाचा वेळ मात्र त्यात कुठेच नव्हता. आमच्या पत्नीने केलेला एक टेबलक्लॉथ आमच्या घरात तीसएक वर्षं आहे. तो करायला किती दिवस लागले हे आम्ही तिला पहिल्यांदा विचारलं ते ही टोपली आणल्यानंतर. ती म्हणाली, "आता विचारताय?"

2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. त्याने गावाचं नाव आणि कलेची ओळख जपली जाते. विणणारीला टाक्याला काय मिळावं, हे ते मानांकन ठरवत नाही.

अहमदाबादची चिंधी

हे बदलता येतं का? येतं, आणि त्याचं एक उदाहरण चिंधीचंच आहे. काम क्रोशाचं नव्हतं, शिवणाचं होतं, पण प्रश्न हाच होता. अहमदाबादेत गिरण्यांतून निघणारी चिंधी व्यापारी विकत घेत. दरियापूरसारख्या वस्त्यांतल्या बायका, त्यांत मुसलमान बायका पुष्कळ, ती घरी नेऊन जोडत आणि रजईच्या खोळी शिवत. शिवणयंत्र बाईचं, दोरा बाईचा, जागा बाईची. मिळकत खोळीमागे ठरलेली, आणि अगदी किरकोळ.

इला भट्ट यांनी 1972 साली 'सेवा' ही संघटना उभी केली. तिची कामगार संघ म्हणून नोंदणी करताना अधिकाऱ्यांचा आक्षेप होता की या बायकांना मालकच नाही, मग संघ कोणाविरुद्ध लढणार? प्रश्न तर्कशुद्ध वाटतो. पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे, की मालक दिसला तरच कामगार असतो. सेवाने उलट मांडलं. काम आहे, म्हणजे कामगार आहे. संघ मालकाविरुद्धच असतो असं नाही, तो कामगारांच्या एकीसाठी असतो. नोंदणी झाली.

पुढे चिंधी शिवणाऱ्या बायकांनी दर वाढवून मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांचं उत्तर ठरलेलं होतं, या तर घरच्या बायका, कामगार कुठल्या? भांडण झालं, काहींचं काम बंद केलं गेलं. मग सेवाने स्वतः चिंधी विकत घेऊन काम द्यायला सुरुवात केली आणि त्यातून 'सबीना' ही चिंधी शिवणाऱ्या बायकांची सहकारी मंडळी उभी राहिली. इथे आणखी एक धडा मिळाला. चिंधी कचरा असते ती गरिबाच्या दारात पडलेली असेपर्यंत. ती विकत घ्यायला गेलं की तिलाही मालक असतो आणि भाव असतो. ज्याच्या हातात चिंधी, त्याच्या हातात काम.

घरी माल नेऊन काम करणारी व्यक्ती आपल्या 1948च्या किमान वेतन कायद्याच्या व्याख्येतही येत होती. घरकामगारांसाठी, म्हणजे घरी बसून माल तयार करणाऱ्यांसाठी, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

दोन आक्षेप

इथे दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "घरबसल्या चार पैसे मिळतात, शिवाय त्यांना ते आवडतं. मग बिघडलं काय?" आवडतं, हे खरं आहे. दुपारी चार जणी जमून विणतात, बोलतात, हसतात, ते सुख आम्ही नाकारत नाही. पण आम्हालाही शिकवायला फार आवडायचं. म्हणून आम्ही कधी पगार नाकारला नाही, आणि कोणी तसं सुचवलंही नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "तासांप्रमाणे किंमत लावली तर वस्तू विकली जाणार नाही." काही वस्तू खरंच विकल्या जाणार नाहीत. म्हणून कोणती वस्तू करायची, किती वेळाची करायची, दलाल किती ठेवायचे, हे सगळं ठरवावं लागेल. पण ते ठरवायला आधी तास माहीत पाहिजेत. न मोजलेल्या वेळेवर उभा असलेला धंदा चालतो असं आपल्याला वाटतं, कारण त्याचा तोटा एकटी बाई भरते आणि तो वहीत लिहिला जात नाही.

आणि एक कबुली. अशा टोपल्यांनी कापडाच्या कचऱ्याचा डोंगर हटणार नाही. एक बाई दिवसभरात जेमतेम किलोभर कात्रण विणेल, आणि कारखान्यांतून ते टनांनी निघतं. पृथ्वी वाचवण्याचं ओझं या बायकांच्या सुईवर टाकू नये. हल्ली अशा वस्तूंच्या लेबलवर लिहिलेलं असतं, किती कापड कचऱ्यात जाण्यापासून वाचवलं. चांगलं आहे. त्याखाली आणखी एक ओळ हवी, ही वस्तू करायला किती तास लागले.

तेवढंच आम्हाला सुचवायचं आहे. तुमच्यापैकी कोणी बचत गटाशी जोडलेले असाल तर एक वही ठेवा. प्रत्येकीने सुई हातात घेतली की वेळ लिहायची, खाली ठेवली की लिहायची. वीस मिनिटं तर वीस मिनिटं. महिन्याने बेरीज करा. आणि जे आमच्यासारखे घेणारे आहेत, त्यांनी भाव करण्याआधी "किती वेळ लागला?" एवढं विचारा. उत्तर ऐकल्यावरही घासाघीस करावीशी वाटली तर खुशाल करा. आम्हाला तरी त्यानंतर जमलेली नाही.

प्रश्न असतील तर घेऊ. टोपली इथेच आहे, हातात घेऊन पाहा. तळातले टाके मोजून पाहायचे असतील तर तेही करा.